टेपवर बॅकअप सुरू झाला की सर्व्हर पडतो : वारंवार येणाऱ्या तक्रारीचे समस्या निवारण

रात्रीचा बॅकअप टेपवर सुरू होतो आणि सकाळी कार्यालय उघडते तेव्हा सर्व्हर एक तर बंद असतो, किंवा मध्यरात्री कधीतरी आपोआप रीस्टार्ट होऊन बसलेला असतो, किंवा दिवे लागलेले असूनही कीबोर्डला आणि नेटवर्कला दाद देत नसतो. टेप ड्राइव्ह काढून ठेवला की सगळे सुरळीत चालते. परत जोडला की तक्रार परत सुरू होते. या तक्रारीवर सर्वांत जास्त वेळा केला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा उपाय म्हणजे ड्राइव्ह बदलणे. नवा ड्राइव्ह येतो, पहिले काही बॅकअप नीट होतात आणि मग सर्व्हर पुन्हा पडतो, कारण दोष बहुधा ड्राइव्हमध्ये नसून ड्राइव्ह आणि सर्व्हर या दोघांत सामाईक असलेल्या एखाद्या गोष्टीत असतो.

टेप ड्राइव्ह बिघडला तर फार तर बॅकअप अयशस्वी व्हावा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने ते एक जोडलेले उपकरण आहे आणि त्याने उत्तर दिले नाही तर त्याला वगळून पुढे जाण्याची सोय विंडोज आणि लिनक्स या दोन्हींमध्ये आहे. असे असूनही सर्व्हरच कोसळत असेल, तर ड्राइव्हच्या बिघाडाला सर्व्हरच्या डिस्कपर्यंत किंवा कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, पोहोचायला वाट मिळालेली असते. अशा वाटा प्रामुख्याने चार आहेत: टेप आणि डिस्क एकाच कंट्रोलरवर, म्हणजे उपकरणे सांभाळणाऱ्या कार्डावर, असणे, दोघांची केबल किंवा बस, म्हणजे उपकरणांची सामाईक वाहिनी, एक असणे, वीजपुरवठा एक असणे, आणि कर्नलच्या पातळीवर चालणारा टेपचा ड्रायव्हर. यांपैकी कोणती वाट उघडी आहे ते शोधून ती बंद करणे, एवढेच या निवारणाचे काम आहे. पुढचे विवेचन एसएएस या सर्व्हरांत वापरल्या जाणाऱ्या जोडणीच्या एलटीओ या प्रचलित टेप प्रकाराच्या ड्राइव्हला, विशेषतः २०१० साली आलेल्या एलटीओ-५ आणि २०१२ साली आलेल्या एलटीओ-६ या पिढ्यांना धरून केले आहे. एसएएसच्या आधीच्या, जुन्या समांतर स्कझी जोडणीचा विचार त्याच्या जागी येईल.

पडण्याचा प्रकार आधी ठरवा

‘सर्व्हर पडला’ या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या घटना येतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात, म्हणून कोणताही स्क्रू काढण्यापूर्वी यांतली कोणती घटना घडते आहे हे निश्चित करावे.

विंडोजमध्ये निळा पडदा येत असेल तर त्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा. ७ए म्हणजे ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ किंवा ७७ म्हणजे ‘कर्नल स्टॅक इनपेज एरर’ असेल, तर कर्नलला स्वतःचीच पेज फाइलमध्ये (मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवण्याच्या फाइलमध्ये) ठेवलेली माहिती परत वाचता आली नाही असा त्याचा अर्थ होतो. म्हणजेच त्या क्षणी टेप नव्हे, तर सिस्टिमची डिस्क हाताबाहेर गेली होती. एफ४ म्हणजे ‘क्रिटिकल ऑब्जेक्ट टर्मिनेशन’ हा क्रमांकही पुष्कळदा त्याच कारणाने येतो. याउलट डी१, म्हणजे ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. हा एक फरक कळला तरी निम्मा शोध पुरा होतो, कारण पहिल्या गटाचे उत्तर कंट्रोलर आणि केबलमध्ये असते आणि दुसऱ्याचे सॉफ्टवेअरमध्ये.

लिनक्सवर बहुधा कर्नल पॅनिक होत नाही. तिथे मूळ फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ होऊन बसते, कारण डिस्कवर लिहिताना चूक आली की एक्स्ट४ फाइल सिस्टिम तशी मांडलेली असल्यास पुढचे लेखन थांबवते. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण लॉगिन होत नाही, डेटाबेस चालत नाही आणि पाहणाऱ्याला सर्व्हर मेला असेच वाटते. त्याच्या आधी ‘अमुक प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अडकली आहे’ अशा अर्थाचा संदेश कर्नलने दिलेला असतो.

तिसरा प्रकार गोठण्याचा. यात फसगत होते ती अशी, की पुष्कळ सर्व्हरांमध्ये गोठलेली सिस्टिम ठरावीक वेळाने, एचपीच्या सर्व्हरांत साधारणपणे १० मिनिटांनी, आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय असते, आणि मग गोठणे हे रीस्टार्ट होणे म्हणून नोंदले जाते. सर्व्हरच्या व्यवस्थापन प्रोसेसरचा, म्हणजे आयलो किंवा आयड्रॅक यांचा, स्वतंत्र लॉग पाहिला तर ही गोष्ट उघड होते. तपास चालू असेपर्यंत ती सोय बंद ठेवावी, म्हणजे गोठलेला पडदा डोळ्यांनी पाहता येईल. चौथा प्रकार म्हणजे कोणताही संदेश, कोणतीही नोंद न ठेवता यंत्र क्षणात बंद होणे किंवा रीस्टार्ट होणे. त्यात विजेचा विचार सर्वांत आधी करावा.

लॉग कोरा असणे हाही पुरावा आहे

पुष्कळ जण लॉग उघडतात, पडण्याच्या वेळेच्या आसपास काहीच सापडत नाही आणि ‘लॉगमध्ये काही नाही’ असे म्हणून तो बंद करतात. येथे थोडा विचार करावा. लॉग सिस्टिमच्या डिस्कवर लिहिला जातो. टेपमुळे ज्या कंट्रोलरची कोंडी झाली त्याच कंट्रोलरवर ती डिस्क असेल, तर कर्नलला बिघाड समजलेला असूनही तो लिहायला जागा उरलेली नसते. विंडोजची मेमरी डंपही, म्हणजे पडण्याच्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, आधी पेज फाइलमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर लिहिली जाते. निळा पडदा आला, पण डंप तयार झाली नाही आणि डंपची मांडणी तर बरोबर आहे, असे असेल तर डिस्कचा कंट्रोलर त्या वेळी उत्तर देत नव्हता असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

म्हणून पहिला प्रत्यक्ष उपाय म्हणजे लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवणे. लिनक्सवर दूरस्थ सिसलॉग पुरेसा ठरतो, आणि तोही पुरला नाही तर नेटकन्सोल किंवा सिरियल कन्सोल लावावा, कारण त्यांना डिस्कची गरज पडत नाही. विंडोजच्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. हे एका दुपारचे काम आहे आणि त्यानंतरचा प्रत्येक बिघाड काहीतरी सांगून जातो.

विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये शोधण्याच्या नोंदी थोड्याच आहेत. ९ क्रमांकाची नोंद म्हणजे उपकरणाने मुदतीत उत्तर दिले नाही, ११ म्हणजे ड्रायव्हरला कंट्रोलरची चूक आढळली, आणि १२९ म्हणजे रीसेट पाठवला गेला. १२९ ही नोंद कोणत्या पोर्टच्या नावाने आहे ते नीट पाहावे. तो पोर्ट डिस्कांचाही असेल तर गुन्हेगार जवळजवळ सापडला. ४१ आणि ६००८ या नोंदींवर मात्र वेळ घालवू नये. यंत्र नीट बंद झाले नव्हते एवढेच त्या सांगतात आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

रेड कार्डाला जोडलेला ड्राइव्ह

मला या तक्रारीत सर्वाधिक वेळा आढळलेले कारण हे आहे, म्हणून येथे जरा थांबू. सर्व्हरमध्ये डिस्कांसाठी रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधून चालवणारे कार्ड, असतो, त्यावर एखादा पोर्ट मोकळा असतो, टेप ड्राइव्हचा कनेक्टर त्यात बसतो आणि विंडोजला ड्राइव्ह दिसतोही. खरेदीच्या यादीतले एक कार्ड वाचते. पुढे होणारा सगळा त्रास या वाचलेल्या कार्डापासून सुरू होतो.

डिस्क आणि टेप यांच्या वेळेच्या कल्पना निराळ्या आहेत. डिस्कने काही सेकंदांत उत्तर देणे अपेक्षित असते. लिनक्समध्ये डिस्कला दिलेली मुदत नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांची असते. एलटीओ-५ च्या कार्ट्रिजमध्ये ८४६ मीटर लांबीची फीत असते आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळायला मिनिटाहून अधिक वेळ लागू शकतो. लिनक्सचा टेप ड्रायव्हर त्यामुळेच नेहमीच्या आज्ञांना ९०० सेकंद आणि पुसण्यासारख्या लांब आज्ञांना १४,००० सेकंद देतो. ही दुसरी मुदतही कधीकधी अपुरी पडते: एलटीओ-६ ची २.५ टीबी क्षमतेची फीत सेकंदाला १६० एमबी या पूर्ण वेगाने भरायची म्हटली तरी साडेपंधरा हजारांवर सेकंद होतात, त्यामुळे पूर्ण फीत पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी ‘एमटी’ या आज्ञेच्या लांब मुदतीच्या पर्यायाने ती वाढवून घेणे शहाणपणाचे आहे.

रेड कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्डातच भरलेले सॉफ्टवेअर, मात्र डिस्कांसाठी लिहिलेले असते. त्याला एखादे उपकरण इतका वेळ गप्प बसलेले चालत नाही. उत्तर आले नाही की आधी ती आज्ञा रद्द केली जाते, मग त्या उपकरणाला रीसेट दिला जातो, त्याने भागले नाही तर बसवरच्या सगळ्या उपकरणांना, आणि शेवटी कंट्रोलरलाच. ही चढती पायरी ऑपरेटिंग सिस्टिममध्येही असते आणि डिस्कांच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण टेपसाठी कंट्रोलर रीसेट करणे म्हणजे एका घरातला नळ गळतो म्हणून साऱ्या सोसायटीची मुख्य चावी बंद करण्यासारखे आहे. कंट्रोलर उठून उभा राहीपर्यंत त्यावरच्या सगळ्या डिस्का गायब असतात, कॅशेमधले लेखन अडकलेले असते, पेज फाइल मिळत नाही, आणि ७ए किंवा एफ४ पडद्यावर येतो.

एका संस्थेतला सर्व्हर नेमका असाच पडत असे. बॅकअपचे लेखन पूर्ण होई, फीत मागे गुंडाळून पडताळणी सुरू होण्याच्या सुमारास सर्व्हर गोठे, आणि लॉगमध्ये १२९ ची एखादी नोंद सोडली तर पुढे काहीच नसे. ड्राइव्ह आधीच बदलून झाला होता, बॅकअपचे सॉफ्टवेअरही बदलून पाहिले होते. टेपसाठी स्वतंत्र एसएएस एचबीए कार्ड (उपकरणे सर्व्हरला नुसती जोडून देणारे कार्ड) घातल्यावर सर्व्हर पडणे थांबले. परंतु त्यानंतर एके रात्री बॅकअप अयशस्वी झाला आणि संस्थेला वाटले की उपाय फसला. वास्तविक तीच खरी प्रगती होती: सर्व्हर उभा असल्यामुळे आता पहिल्यांदाच ड्राइव्हची तक्रार लॉगमध्ये पूर्ण उमटली होती, आणि ती वाचल्यावर सैल बसलेला कनेक्टर सापडायला फार वेळ लागला नाही. सर्व्हर पडण्याचे रूपांतर साध्या बॅकअप-बिघाडात करणे हा निवारणाचा मधला टप्पा आहे, आणि व्यवस्थापनाला तो आधीच समजावून सांगितलेला बरा.

तेव्हा टेपसाठी रेड नसलेले, साधे एचबीए कार्ड घ्यावे. एलएसआयच्या ९२०७ किंवा ९३०० मालिकेतली बाहेरच्या पोर्टची कार्डे या कामासाठी सर्रास वापरली जातात. वापरलेले कार्ड लॅमिंग्टन रोडवरून किंवा अन्य कुठून स्वस्तात आणले असेल, तर त्यावर रेडचे फर्मवेअर नसून ‘आयटी मोड’चे, म्हणजे रेडशिवाय नुसते जोडून देणारे, आहे ना, आणि ते ड्रायव्हरच्या आवृत्तीशी जुळते ना, हे आधी पाहावे. त्या कार्डावरून सर्व्हर सुरू करायचा नसल्यामुळे त्याचा बूट बायोस बंद करावा. अन्यथा ड्राइव्हमध्ये कार्ट्रिज राहिली की कधीकधी सर्व्हर सुरू होतानाच उपकरणे शोधत अडकून बसतो. फायबर चॅनेल या जोडणीवरही नियम तोच आहे, टेप आणि डिस्क यांना एका एचबीएवर एकत्र झोन करू नये, म्हणजे एका गटात ठेवू नये.

सर्व्हर आभासी यंत्र असेल आणि टेप ड्राइव्ह मूळ यंत्रातून आत दिलेला असेल, तर एकच सांगणे आहे: तसे करू नये. टेपसाठी एक छोटे प्रत्यक्ष यंत्र वेगळे ठेवावे, मग ते पडले तरी बाकीची आभासी यंत्रे चालू राहतात.

केबल

एसएएस केबल तपासताना डोळ्यांवर विसंबू नये, कारण ती बाहेरून धडधाकट दिसते. लिनक्समध्ये प्रत्येक एसएएस जोडणीसाठी चुकांचे मोजक असतात: अवैध शब्द किती आले, समन्वय किती वेळा तुटला, रीसेट करताना किती वेळा अडचण आली. ‘सिस’ फाइल सिस्टिममध्ये एसएएस फाय या विभागात हे आकडे मिळतात. बॅकअपच्या आधी ते टिपावेत आणि नंतर पुन्हा पाहावेत. सर्व्हर सुरू होताना थोडे आकडे वाढतात, त्याची काळजी नको. बॅकअप चालू असताना ते वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा ड्राइव्हचा पोर्ट यांपैकी काहीतरी खराब आहे. विंडोजवर हीच माहिती एचबीए उत्पादकाच्या साधनातून मिळते. केबल शक्य तितकी आखूड घ्यावी, मधे अॅडॅप्टर घालू नये, आणि रॅकच्या दारात चेपली जाणारी केबल बदलून मगच पुढचा विचार करावा.

जुन्या समांतर स्कझीवर मात्र अर्ध्याहून अधिक भानगडी टर्मिनेटरच्या असतात. टर्मिनेटर बसच्या दोन टोकांनाच हवेत, मधल्या उपकरणावर नको आणि एकाच टोकाला असूनही चालत नाही. कमी व्होल्टेजच्या विभेदी, म्हणजे एलव्हीडी, बसवर एक जरी सिंगल-एंडेड उपकरण जोडले तरी पूर्ण बस त्या जुन्या पद्धतीवर उतरते. मग १२ मीटरपर्यंत चालणारी बस दीड-तीन मीटरांवर येते आणि आधी नीट चालणारी लांब केबल अचानक दगा देऊ लागते. दोन उपकरणांचे ओळख क्रमांक एकच नाहीत ना आणि कंट्रोलरचा ७ हा क्रमांक ड्राइव्हला दिलेला नाही ना, हे पाहावे. टेप आणि सिस्टिमची डिस्क एका बसवर असतील तर त्या वेगळ्या करणे येथे आणखी निकडीचे आहे, कारण या बसवरचा रीसेट सर्वांना एकदमच बसतो.

वीज आणि उष्णता

कार्ट्रिज आत घेताना, फीत ताणताना आणि वेगाने गुंडाळताना ड्राइव्हच्या मोटारी १२ व्होल्टच्या वाहिनीवरून एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढतात. सर्व्हरच्या आत बसवलेला ड्राइव्ह डिस्कांच्याच वाहिनीवर असेल आणि पॉवर सप्लाय जुना किंवा काठावरचा असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली जाते. नोंद न ठेवता क्षणात रीस्टार्ट होणारा आणि नेमका कार्ट्रिज घालताना किंवा बाहेर काढताना पडणारा सर्व्हर बहुतेकदा या कारणाने पडतो. एका वायरला दोन फाटे फोडणारा जोड असेल तर तो काढावा, ड्राइव्हला पॉवर सप्लायमधून स्वतंत्र वायर द्यावी, आणि दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरात त्यांपैकी एक आधीच मेलेला नाही ना, हे पाहावे. हे शेवटचे सांगताना संकोच वाटतो, पण मागच्या बाजूचा पिवळा दिवा कोणी पाहिलेलाच नसतो असे पुष्कळदा घडते.

बाहेरचा ड्राइव्ह असेल तर तो सर्व्हरच्याच यूपीएसवर आणि त्याच अर्थिंगवर असावा. सर्व्हर यूपीएसवर आणि ड्राइव्ह भिंतीच्या साध्या सॉकेटवर, अशी विभागणी तालुक्याच्या गावांतून नेहमी दिसते. रात्री वीज जाऊन येते किंवा जनरेटरवर बदल होतो, ड्राइव्ह मधेच बंद होऊन परत चालू होतो, आणि चालू बॅकअपमध्ये उपकरण नाहीसे झाल्याचा धक्का ड्रायव्हरला बसतो. यूपीएसची क्षमता मोजतानाही बॅकअपच्या वेळेचा भार धरावा, दिवसाचा धरू नये.

उष्णतेचे कारण याहून साधे आहे. सातला कार्यालय बंद होते, जाणारा माणूस सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद करून जातो, बॅकअप एकला सुरू होतो. एलटीओ ड्राइव्ह साधारणपणे १० ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्या हवेसाठी बनवलेले असतात. कोकणात आणि पावसाळ्यात मुंबईत त्यात दमटपणाची भर पडते. फक्त रात्रीचाच बॅकअप बिघडत असेल आणि तोच बॅकअप दुपारी हाताने चालवला तर नीट होत असेल, तर केबल बदलण्याआधी रात्रीचे तापमान मोजावे.

ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर

डी१ प्रकारचा निळा पडदा येत असेल आणि डंप मिळत असेल, तर विंडीबीजी या डंप वाचण्याच्या साधनात ती उघडून विश्लेषणाची आज्ञा द्यावी; बहुतेक वेळा दोषी ड्रायव्हरच्या फाइलचे नाव सरळ समोर येते. एकाच ड्राइव्हवर दोन ड्रायव्हर हक्क सांगत असणे, हे नेहमीचे कारण. ड्राइव्ह उत्पादकाचा ड्रायव्हर एक, बॅकअप सॉफ्टवेअरने आणलेला दुसरा, आणि पूर्वीच्या, काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा मागे राहिलेला फिल्टर तिसरा. यांतला एकच ठेवावा आणि कोणता ठेवायचा हे त्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या सुसंगतता यादीवरून ठरवावे.

ड्राइव्हला दर थोड्या वेळाने ‘तयार आहेस का’ असे विचारणारे दुसरे कोणी नाही ना, हेही पाहावे. जुन्या विंडोज सर्व्हरांत रिमूव्हेबल स्टोरेज ही सेवा हे काम करत असे. आज हार्डवेअरवर देखरेख ठेवणारे एजंट तेच करतात. लेखन चालू असताना मधेच आलेला असा प्रश्न ड्राइव्हला सहसा चालतो, पण ड्राइव्ह आधीच अडचणीत असेल तर तोच प्रश्न रीसेटचे निमित्त होतो. लिनक्सवर आणखी एक गोष्ट घडते: ड्राइव्ह रीसेट होऊन परत आला की त्याला शून्याऐवजी एक हा क्रमांक मिळतो आणि बॅकअपची स्क्रिप्ट जुन्याच नावाला चिकटून अडकते. यासाठी ‘बाय-आयडी’ खालचे स्थिर नाव वापरावे.

दोष बॅकअपच्या भाराचा आहे की टेपचा, हे वेगळे करायला एक सोपी कसोटी आहे. तेच काम, त्याच वेळी, टेपऐवजी दुसऱ्या यंत्रावरच्या डिस्कवर चालवावे. तरीही सर्व्हर पडला तर टेपला उगाच बदनाम करू नये. मेमरी, स्नॅपशॉट किंवा अँटिव्हायरस यांच्याकडे वळावे.

ड्राइव्हलाच विचारा

एलटीओ ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद टेपअलर्ट नावाच्या ६४ खुणांमध्ये ठेवतो आणि आपल्या तक्रारीत त्यांतल्या मोजक्याच खुणा कामाच्या आहेत. ३२ ही खूण सर्वांत मोलाची: सर्व्हरशी जोडणाऱ्या दुव्यात अडचण आहे, केबल तपासा, असे ड्राइव्ह स्वतः सांगतो. ३० आणि ३१ या ड्राइव्हच्या आतल्या हार्डवेअरच्या बिघाडाच्या खुणा आहेत आणि त्या वारंवार उमटत असतील तरच ड्राइव्ह बदलण्याचा खर्च करावा. ३५, ३६ आणि ३७ या अनुक्रमे दमटपणा, तापमान आणि व्होल्टेज यांच्या खुणा आहेत, मात्र प्रत्येक ड्राइव्ह त्या देतोच असे नाही. २० म्हणजे आताच स्वच्छ करा. तसे सांगितले तरच स्वच्छतेची कार्ट्रिज लावावी, दर सोमवारी नेमाने लावू नये.

या खुणा एकदा वाचल्या की पुसल्या जातात, हे लक्षात ठेवावे. बॅकअप सॉफ्टवेअरने त्या आधीच वाचलेल्या असतील तर नंतर हाताने विचारल्यावर सगळे आलबेल दिसते. अशा वेळी सॉफ्टवेअरच्याच कामाच्या अहवालात त्या शोधाव्यात. ड्राइव्हने परत पाठवलेल्या, चूक दर्शवणाऱ्या संकेतांत ६ आणि २९ ही जोडी लेखनाच्या मधोमध आढळली, तर कोणीतरी रीसेट दिला किंवा ड्राइव्हची वीज गेली असे समजावे. त्या मिनिटाला सर्व्हरने रीसेट पाठवल्याची नोंद असेल तर तो रीसेट सर्व्हरकडून आला, नसेल तर ड्राइव्ह स्वतःहून बंद होऊन परत सुरू झाला आणि शोध विजेकडे वळवावा.

दोन प्रकारचा डेटा, दोन चाचण्या

एवढ्याने उलगडा झाला नाही तर बॅकअप सॉफ्टवेअर बाजूला ठेवून थेट लेखनाची चाचणी घ्यावी. एचपीचे लायब्ररी अँड टेप टूल्स किंवा आयबीएमचे आयटीडीटी यांसारखी उत्पादकांची साधने यासाठीच असतात. लिनक्सवर ‘डीडी’ आज्ञेनेही भागते. चाचणीसाठी अर्थातच नवी, रिकामी कार्ट्रिज घ्यावी.

येथे डेटाची निवड महत्त्वाची आहे. नुसती शून्ये लिहिली तर ड्राइव्हच्या आतले आकुंचन (डेटा दाबून लहान करण्याची सोय) ती गिळून टाकते. फितीवर फारच थोडे उतरते, पण केबल आणि कंट्रोलर यांच्यावरून मात्र डेटा ड्राइव्हला घेता येईल तितक्या वेगाने धावतो. यादृच्छिक डेटा लिहिला तर आकुंचन होत नाही, फीत पूर्ण वेगाने पळते आणि मोटारी, हेड व वीजपुरवठा यांची परीक्षा होते. मोठी यादृच्छिक फाइल आधी डिस्कवर करून ठेवावी, चाचणी चालू असताना ती निर्माण करत बसू नये, नाहीतर प्रोसेसरच अडथळा ठरतो. शून्यांवरच सर्व्हर पडला तर केबल, एचबीए आणि ड्रायव्हर. शून्ये निर्धोक गेली आणि यादृच्छिक डेटावर पडला तर यांत्रिक भाग आणि वीज, अशी विभागणी करता येते. ती अचूक नसली तरी पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते सांगते.

डेटा हळू पुरवणारा सर्व्हर हाही एक छुपा घटक आहे. एलटीओ ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करू शकतो, एलटीओ-५ आणि एलटीओ-६ मध्ये साधारण पूर्ण वेगाच्या एक तृतीयांशापर्यंत. पुरवठा त्याहूनही खाली गेला की फीत थांबते, मागे जाते आणि पुन्हा पुढे धावते. हे रात्रभर चालले तर फीत झिजते, बॅकअप लांबतो, आणि ज्या वेळात रेडची स्वतःची तपासणी किंवा अँटिव्हायरसचा पूर्ण शोध लावलेला असतो त्या वेळात तो जाऊन पोहोचतो. एरवी सहन झाली असती अशी सैल केबल नेमकी तेव्हा सर्व्हर पाडते. म्हणून हजारो छोट्या फाइली असतील तर त्या आधी डिस्कवर एकत्र करून मग टेपवर पाठवाव्यात.

बदल एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर निदान एक पूर्ण बॅकअप, पडताळणीसह, होऊ द्यावा. तपास चालू असेपर्यंत बॅकअप बंद ठेवू नये. तात्पुरता तो दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर घ्यावा.

पडलेल्या रात्रीच्या कार्ट्रिजचे काय करावे

लेखनाच्या मधेच सर्व्हर पडला तर त्या कार्ट्रिजवरचे शेवटचे सत्र अपुरे राहते आणि ते वापरण्याजोगे आहे असे कधीही गृहीत धरू नये. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी, की एलटीओ कार्ट्रिजच्या आत एक छोटी मेमरी चिप असते आणि फितीवर काय कुठे आहे याची निर्देशिका तीत ठेवली जाते. कार्ट्रिज नीट बाहेर काढली जाण्यापूर्वीच ड्राइव्हची वीज गेली तर ही निर्देशिका अद्ययावत होत नाही. पुढच्या वेळी ती कार्ट्रिज घातली की डेटा कुठे संपतो हे शोधण्यासाठी ड्राइव्हला फीत वाचत जावे लागते, टेपअलर्टची १८ ही खूण उमटते, आणि ड्राइव्ह पुष्कळ वेळ काहीच उत्तर देत नाही. पाहणाऱ्याला तो अडकला असे वाटते. तो ड्राइव्ह बंद करतो किंवा सर्व्हर रीस्टार्ट करतो, निर्देशिका पुन्हा अपुरी राहते, आणि दुसऱ्या रात्री तेच घडते. वारंवार पडणाऱ्या सर्व्हरांपैकी काही केवळ या चक्रात सापडलेले असतात: मूळ कारण केव्हाच दूर झालेले असते, पण तीच कार्ट्रिज रोज परत घातली जात असते.

अशी कार्ट्रिज वेगळी काढून तिच्यावर तारीख लिहावी. ती टेपसाठीच्या स्वतंत्र एचबीएवर घालावी आणि ड्राइव्हला शोध पूर्ण करू द्यावा, त्यात कितीही वेळ गेला तरी हात लावू नये. त्यानंतर आधीच्या सत्रांतल्या काही फाइली दुसऱ्या ठिकाणी परत मिळवून पाहाव्यात. त्या मिळाल्या तर कार्ट्रिज जपून ठेवता येईल, पण तिच्यावर पुढे लेखन करू नये. मिळाल्या नाहीत तर तिच्या जागी त्याच कालावधीचा बॅकअप दुसऱ्या कोणत्या कार्ट्रिजवर आहे ते शोधून त्याची लगेच नवी प्रत करावी आणि बॅकअप सॉफ्टवेअरच्या सूचीतून खराब सत्र काढून टाकावे.